घोड्याची शीर दुखावली: रानात सोडावा की मोजून चालवावा?

निरोगी घोड्याच्या पुढच्या पायाला, गुडघ्याखाली नळीच्या मागच्या बाजूने हात फिरवला की कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा, ताणलेल्या दोरीसारखी सरळ लागते. दुखावलेली कंडरा गरम लागते. दाबली की घोडा पाय ओढून घेतो आणि बाजूने पाहिलं तर ती जागा धनुष्यासारखी मागे फुगलेली दिसते. ‘शीर सुजली’ म्हणतात ती हीच, पण ही रक्ताची शीर नव्हे. घोड्याच्या गुडघ्याखाली मांस जवळजवळ नसतंच. धावताना अंगाचा भार या कंडरेवर येतो आणि तिला रक्तपुरवठा तुटपुंजा असतो, म्हणून ती सावकाश भरते.

पहिल्या दोन आठवड्यांत निवडण्यासारखं काही नाही. घोडा पागेतच राहतो. दिवसातून तीन-चार वेळा वीसेक मिनिटं पायावर थंड पाणी धरायचं, पट्टी बांधायची आणि सूज उतरवणारं औषध डॉक्टर ठरवतील तेवढंच द्यायचं. चणे आणि जव कमी करून सुका चारा वाढवा, कारण उभ्या घोड्याला खुराक चालू राहिला तर पोटशूळ होऊ शकतो, खुरांच्या आत दाह सुरू होऊ शकतो. सोनोग्राफी पहिल्याच दिवशी करून भागत नाही. सुरुवातीच्या दिवसांत तंतूंमधली फाट वाढत जाते, म्हणून साधारण दहा दिवसांनी केलेली तपासणी खरं चित्र दाखवते. फाट केवढी आहे हे तेव्हा कळतं आणि खरा निर्णय तिथून सुरू होतो.

रानात वर्षभर मोकळं सोडणं हा जुना मार्ग. त्याला खर्च नाही, माणूस लागत नाही, घोड्याचं पोट आणि मन दोन्ही ठीक राहतं. म्हातारी घोडी असेल, पुढे तिच्याकडून जड काम घ्यायचं नसेल आणि जागा लहान व सपाट असेल, तर मी हा मार्ग नाकारणार नाही. पण बांधलेला घोडा सुटला की पहिल्याच दिवशी चौखूर उधळतो. नुकते धरलेले कोवळे तंतू तेवढ्या एका धावेत फाटतात. शिवाय नव्या तंतूंना ठरावीक दिशेने हलका ताण मिळाला नाही तर ते आडवेतिडवे भरतात. जखम जुळते, पण तो भाग ताठर राहतो आणि त्याच्या कडेला कंडरा पुन्हा तुटण्याचा धोका राहतो.

मोजून चालवण्याचा सगळा अर्थ त्या ताणात आहे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून घोडा हातात धरून सपाट, टणक जमिनीवर दहा मिनिटं चालवायचा. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवायची. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी चाल पाऊण तास ते तासभर होते. सोनोग्राफी चांगली आली तर चौथ्या महिन्यात पाच मिनिटं दुडकी, सहाव्यानंतर संथ दौड, आणि भरधाव धावणं नऊ ते बारा महिन्यांनी. प्रत्येक पायरी चढण्याआधी सोनोग्राफी पाहायची. नवे तंतू आधी कमजोर जातीचे असतात, त्यांच्या जागी मजबूत तंतू यायला वर्ष लागतं. मिनिटं वहीत लिहा, आणि रोज चालवण्याआधी पायाला हात लावून ऊब पाहा. आदल्या दिवशीपेक्षा पाय गरम लागला तर एक पायरी मागे या.

या मार्गातला सगळ्यात फसवा काळ मी भोगलेला आहे. आमची घोडी सहाव्या आठवड्यात लंगडायची थांबली. सूजही बरीच उतरली होती. मी तिला बरी समजून पाठीवर स्वार दिला आणि त्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात तोच पाय पहिल्यापेक्षा जास्त फुगला. दुसऱ्या वेळी अकरा महिने लागले. लंगडणं दुखण्यावर अवलंबून असतं. दुखणं महिन्या-दीड महिन्यात ओसरतं, पण कंडरा तोवर अर्धीसुद्धा भरलेली नसते. त्या घोडीचा तो दोष नव्हता, माझी घाई होती, आणि आजही तिच्या पायावर हात ठेवला की ते आठवतं.

घोड्याच्याच रक्तातून काढलेलं पीआरपी (प्लेटलेट जास्त असलेला रक्ताचा द्रव भाग) किंवा अस्थिमज्जेतून वाढवलेल्या स्टेम सेल (नव्या पेशी घडवू शकणाऱ्या मूळ पेशी) सोनोग्राफीत पाहत फाटीत टोचतात. ब्रिटनमध्ये शर्यतीच्या घोड्यांवर स्टेम सेल वापरल्यावर पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण कमी दिसलं. मोठी फाट, तरुण घोडा आणि पुढे धावण्याची अपेक्षा असेल तर हा खर्च समजण्यासारखा आहे. मात्र इंजेक्शननंतरही चालवण्याचं वेळापत्रक तेच राहतं. रोज चालवणारा माणूस नसेल तर ते पैसे त्या माणसाच्या पगाराला द्या.

तापलेल्या लोखंडाने पाय डागणं सरळ नाकारा. ब्रिस्टल विद्यापीठातल्या 1983 च्या अभ्यासात डागलेल्या कंडरा न डागलेल्यांपेक्षा चांगल्या भरल्या नाहीत. डागल्यावर घोडा बरा झाल्यासारखा वाटतो, कारण जखमेपायी त्याला सक्तीची विश्रांती मिळते. ती विश्रांती वेदनेशिवायही देता येते. मागे उंच केलेला नालही याच कंडरेसाठी मागू नका. नळीमागे दोन कंडरा असतात; उंच टाचेने आतल्या, हाडाकडच्या कंडरेचा भार हलका होतो, कातडीलगतच्या या कंडरेचा नाही. नालबंदाला खुराचं पुढे वाढलेलं टोक कापून खूर समतोल करायला सांगा.

माथेरानसारख्या ठिकाणी घोडा हेच घर चालवतो, म्हणून तिथे निर्णय हंगामावर येतो. मेअखेर दुखावलेल्या घोड्याचे पहिले महिने पावसाच्या मंद काळात जातात. पण निसरड्या उतारावर त्याला चालवू नये, वर सपाट जागा नसेल तर खाली नेरळकडे सोय पाहावी. दिवाळीला पर्यटक आले की घोडा तजेलदार दिसतो, लंगडत नाही, आणि त्याला कामावर घ्यायचा मोह होतो. तेव्हा जेमतेम पाच महिने झालेले असतात. ती दिवाळी सोडा, दुसऱ्या घोड्यावर भागवा. सोनोग्राफीने परवानगी दिली तर तोच घोडा पुढच्या मे महिन्याच्या हंगामात आधी हलका स्वार, नंतर पूर्ण फेऱ्या घेऊ शकतो.