सामान हॅम्बुर्गला पोचलं, पण सोडवायला पुन्हा तेवढेच पैसे मोजले

नवऱ्याला हॅम्बुर्गमध्ये नोकरी लागली, तो पुढे गेला आणि पुण्यातलं घर आवरायचं माझ्या गळ्यात पडलं. बहुतेक सामान विकलं, वाटलं. पण काही गोष्टी मागे ठेवायला मन होईना. बाबांची पेटी (हार्मोनियम), आजीचं सागवानी देवघर, शिलाई मशीन, तांब्याची भांडी आणि पुस्तकं. पुस्तकंच अकरा खोकी झाली. विमानाने नेणं परवडणारं नव्हतं, म्हणून समुद्रमार्गे पाठवायचं ठरलं.

तीन ठिकाणी भाव काढला. दोघांनी एक लाख नव्वद-पंचाण्णव हजार सांगितले. तिसरा एजंट परदेशी जाणाऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपमधून मिळाला. तो म्हणाला, "ताई, एक लाख पाच हजार. डोअर टू डोअर, ऑल इन्क्लुसिव्ह. पंचेचाळीस दिवसांत घरात." बोलणं गोड, घरी येऊन सामान बघून गेला, आईशी पंढरपूरच्या गप्पा मारल्या. दुसरे दोघे महाग का आहेत हे मी त्यांना विचारायला हवं होतं. त्याऐवजी मी याला विचारलं, तू स्वस्त कसा? "आपलं व्हॉल्यूम मोठं आहे ना ताई." मला पटलं.

कोटेशन दीड पानाचं होतं. शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात लिहिलं होतं की पोचण्याच्या बंदरावरचे खर्च प्रत्यक्षाप्रमाणे. मी ती ओळ वाचली होती, हे कबूल करते. फोनवर विचारलंही. "ते कस्टम ड्यूटीसाठी असतं ताई, तुम्हाला ड्यूटीच नाही, मग कसला खर्च?" हे उत्तर अर्धं खरं होतं, म्हणूनच मी फसले.

ड्यूटी खरोखरच नव्हती. युरोपीय संघाबाहेर सलग किमान बारा महिने राहून जो माणूस तिथे स्थायिक व्हायला जातो, त्याच्या वापरातल्या घरसामानावर आयात शुल्क लागत नाही. अट अशी की वस्तू किमान सहा महिने वापरलेल्या हव्यात, तिथे राहायला लागल्यापासून बारा महिन्यांच्या आत आणायला हव्यात आणि आणल्यावर पुढचे बारा महिने विकायच्या किंवा भाड्याने द्यायच्या नाहीत. दारू-तंबाखूला ही सूट नाही. (आत्याने खोक्यात साजूक तुपाची बरणी घातली होती, ती मी वेळेत काढली. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ असे खासगी सामानातून युरोपात नेता येत नाहीत.)

६ मे २०२४ ला चार माणसं आली आणि संध्याकाळपर्यंत सगळं बांधून घेऊन गेली. मी प्रत्येक खोक्यावर नंबर घातला, फोटो काढले, यादी केली. माप मात्र घेतलं नाही. त्याने आधी ४.२ घनमीटर सांगितलं होतं, मी ते धरून चालले.

सहा दिवसांनी फोन आला. "ताई, न्हावा शेव्याच्या गोदामात माप झालं. ६.९ आलंय." भाव घनमीटरला पंचवीस हजार, म्हणजे वरचे साडेसदुसष्ट हजार. मी म्हटलं, तीच खोकी, तेच देवघर, वाढलं कसं? तर म्हणे पॅकिंगमुळे वाढतं, पॅलेटवर, म्हणजे माल रचायच्या चौकटीवर, ठेवल्यावर उंची धरतात. यात तथ्य थोडं असतं. खोकं मोजतात ते बाहेरून, आणि आडवंतिडवं सामान असेल तर मधली हवाही मोजली जाते. पण अडीच घनमीटरहून जास्त हवा? हे मला आज सुचतंय. त्या दिवशी माझं विमान आठ दिवसांवर होतं, घर रिकामं होतं आणि सामान उरणच्या कुठल्या तरी शेडमध्ये. "पेमेंट नाही झालं तर बिल ऑफ लेडिंग रिलीज करता येणार नाही" असं तो अगदी हळू आवाजात म्हणाला. बिल ऑफ लेडिंग म्हणजे जहाजाने माल घेतल्याचा कागद. मी पैसे भरले. यूपीआयने, कुणा बाईच्या नावाच्या खात्यात. पावती व्हॉट्सॲपवर आली, तिच्यावर जीएसटी क्रमांक नव्हता.

मग एकेक सुरू झालं. युद्धाचा अधिभार अठरा हजार, कारण तांबड्या समुद्रात हल्ले होतात आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जातात. हे खरंच होतं, पण २०२३ च्या डिसेंबरपासून तसं चाललेलं होतं. मे महिन्यात भाव देताना त्याला ते माहीत नव्हतं का? फ्युमिगेशनचे, म्हणजे लाकडातली कीड मारायच्या धुरीचे, साडेआठ हजार. लाकडी खोकं सगळ्यांत मिळून एकच होतं, देवघराचं. अशा लाकडावर प्रक्रिया करून गव्हाच्या ओंबीचं चिन्ह असलेला शिक्का मारावा लागतो, नाहीतर युरोपात अडवतात. शिक्का होता, पण तो त्या तयार फळ्यांवर आधीपासूनच होता. बांधतानाच्या माझ्या फोटोत स्वच्छ दिसतो. आणि विम्याचे नऊ हजार, तीन लाख किमतीवर तीन टक्के.

जून गेला. "जहाज लागलंय", "जहाज निघालंय", "नेटवर्क नाही ताई". नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने सांगितलं की त्याच्याकडून कंटेनर नंबर घे. चार अक्षरं आणि सात आकडे. तो जहाज कंपनीच्या साइटवर टाकला की सगळा प्रवास दिसतो. नंबर मिळवायला दहा दिवस लागले. टाकला तेव्हा कळलं की कंटेनर ९ जूनला निघालाय. म्हणजे त्याने ज्या दिवशी "सामान जहाजावर चढलं" असा मेसेज केला, त्यानंतर तीन आठवड्यांहून जास्त काळ ते शेडमध्ये पडून होतं, कंटेनर भरण्याची वाट बघत. आपल्यासारख्यांचं थोडं थोडं सामान एका कंटेनरमध्ये गोळा होतं आणि तो भरल्याशिवाय हलत नाही. हे आधी सांगितलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती.

जुलैच्या शेवटी हॅम्बुर्गमधल्या एका कंपनीची मेल आली. तिचं नाव मी तोवर ऐकलंही नव्हतं. आपलं सामान आलं आहे, सोडवण्यासाठी ११८० युरो भरावेत. खाली यादी होती. टर्मिनल हँडलिंग, कंटेनर रिकामा करण्याचा खर्च, बंदर सुरक्षा, कागदपत्रं, डिलिव्हरी ऑर्डर, कस्टम्स क्लिअरन्स, घरापर्यंतचा ट्रक. बहुतेक आकडे ६.९ घनमीटरने गुणलेले. आणि गोदामात अमुक दिवसांनंतर रोजचं भाडं लागेल.

एजंटला फोन लावला. पहिल्यांदा म्हणाला, चुकून आलं असेल, मी बोलतो. दुसऱ्या दिवशी, "तो त्यांचा लोकल चार्ज आहे, मी काय करणार?" तिसऱ्या दिवसापासून त्याने फोन उचलला नाही.

मी आधी कस्टम्सच्या कार्यालयात गेले. भीती तीच होती, परदेशात, भाषा धड येत नाही, आणि जर्मन सरकारी कार्यालय. प्रत्यक्षात तिथलं काम सगळ्यांत सोपं झालं. स्थलांतराच्या सामानासाठी त्यांचा ०३५० क्रमांकाचा छापील फॉर्म असतो. तो, पासपोर्ट, इथल्या पत्त्याची नोंदणी, नवऱ्याचं नोकरीचं पत्र, पुण्यात राहत असल्याचा पुरावा आणि सामानाची सही केलेली यादी. बाईंनी यादी वाचली, 'हार्मोनियम' वर बोट ठेवून हसल्या, दोन प्रश्न विचारले आणि शिक्का मारला. एक युरो लागला नाही. हॅम्बुर्गच्या कंपनीने याच कामाचे १९० युरो लावले होते, आणि मेलमध्ये असंही सुचवलं होतं की आमच्यामार्फत न केल्यास १९ टक्के आयात कर लागू शकतो.

शिक्का घेऊन गोदामात गेले तर सामान देईनात. कस्टम्सने सोडलं, पण कंपनीने सोडलेलं नाही. तिथे मग मी कंपनीच्या ऑफिसात जाऊन बसले. काउंटरवरचा तरुण सभ्य होता आणि बहुधा माझ्यासारख्या रोज दोन बघत असावा. मी म्हटलं, मी भारतात सगळे पैसे भरलेत. तो म्हणाला, "तुमच्या माणसाने आम्हाला काही दिलेलं नाही. उलट आमच्या मुंबईच्या भागीदाराने त्याला दिलेत."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्याने कागदावर काढून दाखवलं. कंटेनर भरणाऱ्या कंपन्यांना माल हवा असतो, म्हणून त्या एजंटला समुद्राचं भाडं जवळजवळ लावतच नाहीत, कधी कधी तर घनमीटरमागे वरून पैसे देतात. धंद्यात याला रिबेट म्हणतात. तो पैसा मग दुसऱ्या टोकाला, सामान घेणाऱ्याकडून 'लोकल चार्जेस' म्हणून वसूल होतो. माल मोठ्या कारखानदाराचा असेल तर तो आधीच भांडतो. मी कुठे भांडणार? माझं सामान त्यांच्या कुलपात. म्हणजे एजंटने भाडं माझ्याकडून घेतलं आणि माझं सामान आणून दिल्याबद्दल त्यांच्याकडूनही घेतलं. घनमीटर जितके जास्त, तितकं दोन्हीकडून जास्त. ४.२ चं ६.९ का झालं, ते मला त्या काउंटरवर समजलं.

कस्टम्सचे १९० युरो त्याने कमी केले. पण या सगळ्यात दिवस गेले होते, गोदामाचं भाडं चढलं होतं. एकूण ११३० युरो भरले, तेव्हाच्या भावाने लाखाच्या वर. २७ ऑगस्टला सामान दारात आलं. एका पॅलेटवर हॅम्बुर्गच्या गोदामाची चिठ्ठी चिकटलेली होती, त्यांनी उतरवून घेताना स्वतः मोजलेलं माप: ४.४ घनमीटर.

त्या चिठ्ठीचा फोटो पाठवल्यावर हॅम्बुर्गवाल्यांनी तीन मेल आणि दोन आठवड्यांनंतर २१० युरो परत केले. पुण्याच्या एजंटला वकिलाची नोटीस गेली, तेव्हा त्याने चाळीस हजार परत केले, "ताई, गैरसमज झाला" म्हणत. उरलेल्यासाठी पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार चालू आहे. कामाला येतंय ते एवढंच: फोटो, नंबर घातलेली यादी, ती चिठ्ठी आणि व्हॉट्सॲपवरचं "ऑल इन्क्लुसिव्ह". फोनवर तो जे जे बोलला त्याचा काही उपयोग नाही.

नणंदेचं सामान नेदरलँड्सला जायचं होतं, तेव्हा मी तिच्याकडून एजंटांना एकच मेल करायला लावली: रॉटरडॅमला सामान आमच्या हातात कोण देणार त्या कंपनीचं नाव, तिचे सगळे खर्च युरोमध्ये, आणि माप आमच्यासमोर टेप लावून. पाच जणांपैकी तिघांनी उत्तरच दिलं नाही. एकाने "मॅडम, असं कोणी विचारत नाही" म्हटलं. पाचव्याने दोन पानं पाठवली, ज्यात बहुविध वाहतूक (जहाज, ट्रक असं सगळं एकाच करारात) करणाऱ्याला नौवहन महासंचालनालयाकडे करावी लागणारी नोंदणीही होती. भाव अर्थातच सगळ्यांत जास्त. तिने तोच घेतला, आणि रॉटरडॅमला त्या दोन पानांपलीकडे काही मागितलं गेलं नाही.

विम्याचं राहिलं. पेटीचा भाता फाटून आला आणि खालच्या सप्तकातल्या दोन पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. मी पॉलिसी नंबर मागितला. एजंटने त्याच्याच लेटरहेडवर 'सामान विमासंरक्षित आहे' असं लिहून पाठवलं होतं. विमा कंपनीचं नाव त्यात कुठेच नव्हतं. इथे पेटी दुरुस्त करणारं कोणी सापडलं नाही. पुण्यात बाबा ज्यांच्याकडे न्यायचे त्यांना फोन केला, व्हिडिओ दाखवला. त्यांनी दोनदा बघितला आणि म्हणाले, "काही नाही, तासाभराचं काम आहे. घेऊन या."