दादरचा ‘स्वतःच्या डोक्याने’ क्लास: पैसे वसूल, शेवटचा रविवार सोडून

दादर वेस्टला स्टेशनपासून चालत जाण्यासारख्या अंतरावर, एका जुन्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर रविवारी सकाळी हा क्लास भरतो. फी तीन हजार, जीपे चालतं, सर्टिफिकेट वगैरे काही मिळत नाही. सर ऐंशीच्या घरातले, आधी लालबागला गिरणीत टाइमकीपर होते, नंतर कुठेकुठे हिशेब लिहिले. चारचौघांच्या विरुद्ध जाऊन आयुष्यभरात जे कळलं ते आता वाटून टाकायचंय म्हणतात. मला वाटलेलं मोटिवेशनल भाषण झोडणार, पण पहिल्याच दिवशी माणसाने पिशवीतून जुन्या वह्या काढून आमच्यात फिरवल्या.

वहीत तीन रकाने. पहिल्यात सगळे काय म्हणतायत, दुसऱ्यात मला काय वाटतं, आणि तिसरा रिकामा, तो काही वर्षांनी लाल शाईने भरलेला. 1982 चा गिरणी संप सुरू झाला तेव्हा सगळे म्हणत होते महिना-दोन महिन्यांत मिटेल, यांनी लिहिलंय लांबणार. (तो अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही, हे आपल्याकडे सगळ्यांना माहितीये.) 1992 ला हर्षद मेहताच्या लाटेत एसीसीचा शेअर नऊ हजाराच्या आसपास गेलेला, अख्खं ऑफिस घेत होतं आणि यांनी घेतला नाही, तिथे लाल शाईत लिहिलंय, ‘बरोबर ठरलो, पण खरं कारण खिशात पैसे नव्हते.’ 1995 ला मोबाइल आला, इनकमिंगलापण पैसे पडायचे, तेव्हा यांचं ठाम मत की हे श्रीमंतांचं खेळणं, पाच वर्षांत बंद पडणार. खाली लाल शाईत फक्त ‘हॅ हॅ’. निम्म्याहून जास्त पानांवर सर स्वतः चुकलेत आणि ते बिनधास्त दाखवतात, हा प्रकार मी तरी दुसऱ्या कुठल्या क्लासमध्ये बघितला नाही.

मधल्या एका रविवारी सोलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाचा 1951 चा रेघांचा प्रयोग आमच्यावरच केला. सगळ्यांना आधी पढवून ठेवलेलं की आखूड रेघ लांब रेघेशी समान आहे म्हणायचं, आणि उशिरा आलेला एक सीए पोरगा डोळ्यांनी नीट दिसत असताना दोनदा ‘हो हो समान’ म्हणाला, बिचारा. मूळ प्रयोगात चारातल्या तिघांनी निदान एकदा तरी चुकीच्या उत्तराला मान डोलावली होती. पण खरी गंमत पुढे आहे, बाजूला एक जरी माणूस खरं बोलणारा असला की हे प्रमाण धाडकन खाली येतं. सर म्हणाले, मीटिंगला जायच्या आधी तो एक माणूस शोधून ठेवा, एकट्याने शहीद व्हायची हौस नको.

र. धों. कर्व्यांवरचा तास पण भारी होता. कौतुक दोन मिनिटांत उरकलं, बाकी सगळा हिशेब. संततिनियमनाच्या प्रचारापायी विल्सन कॉलेजची प्रोफेसरकी गेली, 1927 ते 1953 ‘समाजस्वास्थ्य’ मासिक पदरमोड करून चालवलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, 1934 च्या खटल्यात आंबेडकर वकील असूनही हरले आणि दंड भरला. मग आम्हाला एकेक कागद दिला, तुमच्या मताची किंमत रुपयांत लिहा आणि ती कोण भरणार तेही लिहा. माझ्या शेजारच्या काकूंनी ‘सून’ लिहिलं, हसून मेलो.

आता तक्रारी. माइक नाही त्यामुळे मागे बसलात तर अर्धं डोक्यावरून जातं, आणि पंखा चालू असला तर उरलेलंही. शेवटचा रविवार फुकट, मुलगा अमेरिकेत का गेला आणि कसा चुकला एवढंच ऐकलं, आणि तिथे तिसरा रकाना कुठे गेला कोण जाणे. शिवाय दोन-तीन जुने विद्यार्थी कायम पहिल्या रांगेत, सर बोलले की ‘वा वा’, कोणी प्रश्न विचारला की मागे वळून बघतात, जणू काय त्यांच्या गुरूचा अपमान झाला. सर स्वतः मात्र प्रश्नावर चिडत नाहीत, उलट उत्तर नसेल तर वहीत लिहून घेतात.

चहा फुकट आणि चांगला. कॉलेजच्या पोरांना अर्धी फी आहे, पण ती मागावी लागते, स्वतःहून कोणी सांगत नाही. माझ्याकडून चार स्टार.