हरणाची धनुष्यशिकार: क्लबची लीज की सरकारी रान?

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी धनुष्याचा हंगाम सुरू होतो. हरणं क्लबच्या लीजवरही, म्हणजे शिकार क्लबने सभासदांसाठी भाड्याने घेतलेल्या खासगी जमिनीवरही, आहेत आणि सरकारी शिकार क्षेत्रातही. परवाना दोन्हीकडे लागतो, मारलेल्या हरणाची 24 तासांत नोंदही दोन्हीकडे करावी लागते. मग क्लबला पैसे का मोजायचे?

बंदूकवाल्याला शंभर यार्ड चालतात. आपल्याला हरीण वीस-पंचवीस यार्डांत यावं लागतं, तेही वारा त्याच्याकडून आपल्याकडे वाहत असताना. सरकारी रानात पहाटे साडेपाचला मचाणावर चढून बसायचं आणि सातला खालून कुणी चालत गेलं, की ती सकाळ संपली. क्लबच्या फाटकाशी नकाशाचा फळा असतो. आज ज्या मचाणावर बसणार, तिथे आपल्या नावाची टाचणी लावायची. मग त्या बाजूला दुसरा कुणी फिरकत नाही. मी वर्गणी भरतो ती या टाचणीसाठी.

बाकीचे फरक लहान. खासगी जमिनीवर मक्याचं आमिष चालतं, सरकारी रानात नाही. तिथे झाडात खिळा किंवा स्क्रूही ठोकता येत नाही, म्हणून मचाण पाठीवरून वाहून न्यायचं.

पण प्रत्येक क्लब तितका मोकळा नसतो. 500 एकरांत 10 सभासद असतील तर माणशी 50 एकर. 25 असतील तर 20, म्हणजे पैसे देऊन घेतलेली गर्दीच. त्यातले बंदूकवाले किती, हेही विचारा, कारण नर माजावर येतात त्या नोव्हेंबरात तेही रानात असतात. जमीन लाकूड कंपनीची असेल तर तोडणी कधी, हे आधीच विचारून घ्या.

लीजची हद्द फार जवळ असते. एकदा माझा बाण हरणाच्या छातीच्या थोडा मागे लागला आणि रक्ताचा माग थेट शेजारच्या तारेपर्यंत गेला. परवानगीशिवाय पलीकडे पाऊल टाकता येत नाही. मालकाचा फोन लागेपर्यंत मी तारेशी उभा होतो, आणि तिकडे जखमी जनावर. हरीण मिळालं, पण तो तास अजून छळतो.

पहिलंच वर्ष असेल, किंवा हंगामात चार-पाचच सकाळी जमणार असतील, तर माझ्या मते सरकारी रानच बरं. दहा-बारा जमणार असतील तर क्लब घ्या. सही करण्याआधी फेब्रुवारीत ती जमीन चालून पाहा. पानं गळलेली असतात, हरणांच्या वाटा आणि नरांनी शिंगं घासलेली खोडं उघडी दिसतात. आणि शेजारच्या मालकाचा नंबर त्याच दिवशी घेऊन ठेवा.