रत्नागिरीत बदली झाली, तर मुलांची शाळा कुठली?

नागपूरहून रत्नागिरीला बदलीची ऑर्डर हातात पडली ती मेच्या शेवटच्या आठवड्यात. मुलगी सहावीत जाणार होती, मुलगा दुसरीत. सीबीएसईचं वर्ष एप्रिललाच सुरू झालेलं. राज्य मंडळाच्या शाळा विदर्भात उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणून अजून महिना आहे असं आम्ही धरून चाललो होतो. इथे त्या जूनच्या मध्यालाच उघडतात. सामान लावायचं की शाळा शोधायची, अशी धावपळ झाली. तिकडून येणाऱ्यांनी एवढं आधीच ध्यानात ठेवावं.

आमच्यापुढे दोनच शाळा उरल्या. एक सीबीएसईची, गावाबाहेर हातखंब्याच्या वाटेवर. दुसरी सेमी-इंग्रजीची जुनी शाळा, मारुती मंदिराजवळच्या आमच्या भाड्याच्या घरापासून चालत दहा-बारा मिनिटांवर. पहिलं वर्ष सीबीएसईत काढलं, दुसऱ्या वर्षी मुलं सेमीला घातली. त्यामुळे दोन्हीकडचं थोडंफार सांगू शकतो.

सीबीएसईच्या शाळेत शिकवण्याबद्दल तक्रारीला जागा नव्हती. नागपुरातही मुलगी एनसीईआरटीचीच पुस्तकं शिकत होती, त्यामुळे तिचं काही अडलं नाही. वर्गात तीसेक मुलं, प्रयोगशाळा नीट, विज्ञानाच्या बाई तर इतक्या मन लावून शिकवायच्या की मुलगी अजून त्यांची आठवण काढते. पुढे जेईई-नीटचा विचार असेल, किंवा बदली महाराष्ट्राबाहेर होऊ शकत असेल, तर ही बाजू नक्कीच जड आहे. केंद्र सरकारच्या नोकरीत असाल तर जवळपास केंद्रीय विद्यालय आहे का ते सगळ्यात आधी बघा. तिथे प्रवेश देताना पालकांच्या बदल्या जमेस धरतात. माझी नोकरी राज्य सरकारची, बदली झाली तरी महाराष्ट्रातच. इंजिनिअरिंग वगैरेसाठीची राज्याची प्रवेश परीक्षा, एमएचटी-सीईटी, तीही राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावरच असते.

पण आमचं मन फिरलं ते बसमुळे.

सकाळी 6:40 ला मारुती मंदिराच्या कोपऱ्यावर बस यायची. साळवी स्टॉप, कुवारबाव करत शाळेत पोचायला पाऊण तास. रस्ता चौपदरी करायचं काम चालू होतं, त्यामुळे पावसाळ्यात तो तासावर जायचा. घरमालकीण काकू पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या, "पावसात एवढ्या लांब पोरांना पाठवताय, बघा हो." कोकणातला पाऊस आम्ही तोवर फक्त ऐकून होतो.

जुलैत एके दिवशी रेड अलर्ट आला. सुट्टीचा मेसेज शाळेकडून आला तो सात वाजून गेल्यावर, तेव्हा मुलं बसमध्ये होती. ड्रायव्हरचा फोन लागेना. बायको छत्री घेऊन कोपऱ्यावर, मी ऑफिसला न जाता फोनला चिकटलेला. मुलं परत आली ती नऊ वाजून गेल्यावर. मुलाचे मोजे पिळले तर पाणी निघालं, डबा तसाच बंद. शाळेला फार दोष देत नाही, पाऊस त्यांच्या हातात नाही. पण मेसेज अर्धा तास आधी आला असता तर मुलं घराबाहेरच पडली नसती. त्या पावसाळ्यात असं पुन्हा दोनदा झालं.

सुट्ट्यांपेक्षाही रोजचा थकवा मला जास्त लागला. मुलगी दुपारी तीनला घरी यायची ती पेंगतच. संध्याकाळी खेळायला जायचं तिने सोडून दिलं. एकदा रात्री वही उघडी ठेवून ताटासमोरच झोपली. हे वय पुन्हा येणार नाही, असं त्या रात्री फार वाटलं.

सेमीत गणित आणि विज्ञान इंग्रजीतच, तिथे अडचण आली नाही. इतिहास-भूगोलाने मात्र मुलीला घाम फोडला. लॅटिट्यूड माहीत, अक्षांश माहीत नाही, अशी गत. पहिल्या चाचणीत मार्क घसरले आणि आम्हीही धास्तावलो. रोज रात्री अर्धा तास तिच्याबरोबर बालभारतीचं पुस्तक मोठ्याने वाचलं, दिवाळीनंतर गाडी रुळावर आली. मुलगा लहान, त्याला काही जाणवलंच नाही. वर्गात पन्नासच्या वर मुलं आहेत आणि इंग्रजी बोलण्याचा सराव कमी पडतो, हे मान्य करायला हवं. तो घरी करून घ्यावा लागतो.

आता शेजारची मुलगी हाक मारते आणि तिघं मिळून चालत जातात. अलर्ट आला तर दहा मिनिटांत घरी. संध्याकाळी अंगणात लगोरी असते.

आमचंच बरोबर असं म्हणणार नाही. माझा एक सहकारी कुवारबावच्या पुढे राहतो, त्याच्या मुलाला तीच सीबीएसई शाळा पंधरा मिनिटांवर आहे आणि तो तिथे मजेत आहे. तुमचं घर त्या बाजूला असेल तर माझं गणित उलटंही होईल. शाळा कुठलीही घ्या, दाखल्यासोबत जुन्या शाळेने यूडायसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, मुलाचं नाव सोडलंय का, हे निघण्याआधी विचारून घ्या. आमचं नागपूरला राहून गेलं होतं, नंतर महिनाभर फोन करावे लागले.

यंदा साळवी स्टॉपच्या पुढे जरा मोठं आणि कमी भाड्याचं घर मिळत होतं. मुलीने एवढंच विचारलं, "तिथून शाळेत चालत जाता येईल का, बाबा?" आम्ही भाडेकरार इथेच वाढवून घेतला.