डक्सफर्डची ब्रिटिश विमानं: इंजिन कुठे दडवलंय ते बघत फिरा

लंडनमधे इतकी वर्षं राहून डक्सफर्ड राहिलंच होतं, शेवटी बाबा नाशिकहून आले तेव्हा योग आला. केंब्रिजजवळचं जुनं एअरफील्ड, आता इम्पीरियल वॉर म्युझियमकडे आहे. लोक स्पिटफायर ही लढाऊ विमानं बघायला जातात, आम्ही सरळ बाहेर उभ्या असलेल्या क्लासिक ब्रिटिश प्रवासी विमानांच्या रांगेकडे.

बाबा म्हणाले, "विमान ते विमान, त्यात ब्रिटिश काय असायचंय?" माझं उत्तर ठरलेलं, इंजिनं शोधा. अमेरिकेचं बोइंग 707 घ्या, पंखाखाली चार इंजिनं टांगली, मेकॅनिकचा हात पोचतो, विषय संपला. ब्रिटिशांना मात्र इंजिन चारचौघांत दिसणं जणू असभ्यच वाटायचं. कॉमेट 4 ची चारही पंखाच्या मुळाशी आत बसवलेली, आणि डक्सफर्डचं कॉमेट साधंसुधं नाही हं, 4 ऑक्टोबर 1958 ला न्यूयॉर्कहून प्रवासी घेऊन लंडनला आलेलं तेच. व्हीसी-10 ची चारही मागे शेपटीपाशी, का तर आफ्रिका-आशियातल्या उष्ण, उंचावरच्या, आखूड रनवेंवरून उडायचं होतं, म्हणून पंख मोकळे ठेवले, आणि केबिन शांत झाली ती वरकमाई. दिसायला तर या रांगेत तोड नाही.

ट्रायडंटचं पुढचं चाक वाकून बघाच. मधोमध नाही, डावीकडे सरकवलंय आणि बाजूला दुमडतं! धुक्यात आपोआप उतरायची सिस्टिम मात्र ट्रायडंटनेच प्रवासी घेऊन पहिल्यांदा वापरली, 1965 साली, लंडनच्या धुक्यावर ब्रिटिशांनीच उपाय काढावा हे ओघानेच आलं.

पण धंद्यात मार खाल्ला. शिंप्याने एकाच गिऱ्हाइकाच्या मापाचा सूट शिवून दुकानात टांगावा तसं झालं. ट्रायडंट बीईए या ब्रिटिश सरकारी विमान कंपनीने हट्टाने लहान करून घेतलं, म्हणून विकली गेली 117, त्याच सुमाराचं बोइंग 727 अठराशेच्या वर. व्हीसी-10 बीओएसी या दुसऱ्या सरकारी कंपनीसाठी बनवलं आणि नंतर बीओएसीलाच 707 जास्त आवडायला लागलं, एकूण झाली 54. मला विचाराल तर हा हट्टच क्लासिक ब्रिटिश, नुसतं जुनं असून भागत नाही.

या हिशोबात व्हायकाउंट बसत नाही, ते खरंच विकलं गेलं, चारशेच्या वर. टर्बोप्रॉपवर, म्हणजे जेटसारख्या इंजिनाने पुढचा पंखा फिरवणाऱ्या विमानावर, नियमित प्रवासी सेवा यानेच आधी दिली, आणि खिडक्या बघाल तर लंबगोल, थाळीएवढ्या. इंडियन एअरलाइन्सकडेही होती. बाबा कॉलेजात असताना एकदा मुंबई-दिल्ली यातूनच गेले होते, तेव्हा इथे आल्यावर त्यांचे प्रश्न बंद झाले आणि खिडकीखाली बराच वेळ मान वर करून उभे राहिले. मग म्हणे, "आमच्या वेळी आव्रो पण होतं." ते पण ब्रिटिशच, आपल्याकडे कानपूरला बनायचं.

काँकॉर्ड आत हँगरमधे आहे, उत्पादनाच्या आधीचं चाचणीचं विमान, त्यामुळे आलिशान सीटची अपेक्षा ठेवू नका, आत चाचणीची यंत्रं बघायला मिळतात. गर्दी इथेच जास्त. मी मात्र याला अर्धेच मार्क देणार, अर्धं फ्रेंच आहे ना.

जाणाऱ्यांसाठी: ट्रेनने व्हिटल्सफर्ड पार्कवेला उतरायचं, पुढे कॅबचं आधीच बघून ठेवा, आमच्या कॅबवाल्याने ऐनवेळी कॅन्सल केलं. एअरफील्डवर वारा बोचरा असतो, उन्हाळ्यातही जॅकेट घ्या, वयस्कर माणसं बरोबर असतील तर नक्कीच. विमानं आतून रोज सगळी उघडी नसतात, व्हॉलंटियर असतील तशी उघडतात, तेव्हा गेल्या गेल्या कुठलं उघडंय ते विचारा आणि आधी तिकडे पळा. रणगाडे-बिणगाडे नंतर, वेळ उरला तर. आमचा नाही उरला, बाबांना परत एकदा व्हायकाउंटकडे जायचं होतं.