अलेक्झांड्रियाची वन डे टूर (हाडावरचं कोरीवकाम बघायचं असेल तर नक्की वाचा)

आम्ही कैरोहून गाडी आणि गाईड असं पॅकेज घेतलं होतं, एका बाजूचं अंतर जवळपास सव्वादोनशे किलोमीटर, त्यामुळे पहाटेच निघालो. मला मुख्य बघायचं होतं ते हाडावरचं कोरीवकाम. म्हणजे साधारण 3ऱ्या ते 6व्या शतकात लाकडी पेट्यांवर, फर्निचरवर बसवायचे ना, त्या छोट्या छोट्या पट्ट्या. लाकूड बहुतेक ठिकाणी कुजून गेलं, पट्ट्या राहिल्या.

आधी कोम-एल-दिक्काला गेलो, शहरातलीच जुन्या अवशेषांची, उत्खननाची जागा. सगळे तिथलं रोमन थिएटर बघून फोटो काढून निघतात, पण आमची गाईड आम्हाला मुद्दाम घरांच्या अवशेषांकडे घेऊन गेली. पोलंडचे पुरातत्त्ववाले 1960 पासून इथे खोदतायत आणि या वस्तीत त्यांना हाडकाम करणाऱ्यांच्या वर्कशॉपच्या खुणा मिळाल्या, अर्धवट कोरलेले तुकडे, कापून टाकलेला कचरा वगैरे. म्हणजे वस्तू इथेच बनत होत्या. हे ऐकताना अंगावर काटा आला खरंच.

मग ग्रीको-रोमन म्युझियम, 2005 पासून बंद होतं ते 2023 च्या ऑक्टोबरमध्ये उघडलं. तिथे एक नाचणारी बाई आहे, तळहातात मावेल एवढीच, वाऱ्याने फुगलेला पदर आणि कमरेतला बाक, मी काचेला नाक लावून बघत बसले. बाबा शेजारी येऊन म्हणाले, "अगं, ही तर नळी आहे, मटणातली!" आणि बरोबरच होतं की, गाईडने सांगितलं गुरांच्या, उंटांच्या पायाची लांब हाडं घ्यायचे, टोकं करवतीने उडवायचे आणि उभी चिरायचे. हाडाची रुंदीच तेवढी, म्हणून मूर्ती अशा उभट नि बारीक. त्यात हाडाचा मूळचा गोलवा कारागिराने पोटाला आणि मांडीला असा वापरलाय की विचारू नका. लोक याला गरिबांचं हस्तिदंत म्हणून पुढे जातात, मला ते अजिबात पटत नाही. हस्तिदंतात तिरक्या रेघांची जाळी दिसते आणि हाडात बारीक काळपट ठिपके नाहीतर रेघा, त्या बाईच्या गुडघ्यावर ते ठिपके स्पष्ट दिसतात. काही पट्ट्यांवर तर रंगसुद्धा टिकलाय.

तक्रार एकच, टूरवाल्यांनी म्युझियमला फक्त 40 मिनिटं ठेवलेली आणि जेवणाला दीड तास, ड्रायव्हर सारखा घड्याळ दाखवत होता. शेवटी गाईडनेच त्याच्याशी बोलून आम्हाला तासभर वाढवून दिला, तिला पाचपैकी पाच, कंपनीला तीन. बुकिंग करतानाच म्युझियमला दोन तास हवेत असं लिहून घ्या आणि जेवण गाडीत उरका.