कवळी सुटली, तोंडावरचा हात सुटेना

मी अमळनेरची, वय ६४, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. तेरा वर्षं वरची-खालची कवळी वापरली. आता दोन्हीकडे इम्प्लांटवर, म्हणजे जबड्याच्या हाडात रोवलेल्या स्क्रूंवर, बसवलेले पक्के दात आहेत. काम जळगावच्या एका दवाखान्यात केलं. नाव टाकत नाही, कारण मी थोडं कौतुक करणार आहे आणि थोडं भांडणारही आहे. खर्च किती आला, दुखलं किती, हे विचारलं की सगळे सांगतात. दात बसल्यावर मनाचं काय होतं ते मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणून हा रिव्ह्यू जरा लांबणार.

दात गेले ते मधुमेहामुळे आणि मिसरीमुळे. मिसरी आईनेच लावली होती, तिला तिच्या आईने. हिरड्या सुटत गेल्या आणि पन्नाशीत उरलेसुरले सगळे काढून कवळी बसवली. पहिली तीन-चार वर्षं बरी गेली. मग खालची हलायला लागली. वरची टाळूला चिकटून तरी राहते, खालचीला धरायला काही नसतं, आणि वर जीभ सारखी ढकलत असते. शिवाय दात गेला की त्याखालचं हाड झिजत जातं. कुणी राहत नसलेल्या घराची भिंत खचते ना, तसं. कवळी तीच, पण खालची जमीन रोज थोडी कमी. चिकटवायची पावडर आणली, दोनदा आतून भरून घेतली. पुन्हा तेच.

एके दिवशी पहिलीच्या वर्गात फळ्यावर 'ससा' लिहिलं, मोठ्याने म्हणायला गेले आणि खालची कवळी उचलून पुढे आली. पडली नाही, जिभेने धरली. पण तोंडातून निघालं ते 'थथा'. पोरं हसली असती तर मीही हसले असते. ती हसली नाहीत. पुढच्या बाकावरच्या मुलीने हळूच पाटीकडे मान घातली, जणू काही ऐकलंच नाही. सहा वर्षांच्या पोरीला माझी लाज झाकावीशी वाटली! त्यानंतर 'स'चे शब्द मी पोरांकडूनच म्हणून घ्यायचे. "चला, कोण वाचतं?" अधिकाऱ्यांनी एकदा शेरा दिला, विद्यार्थ्यांचा सहभाग उत्तम.

आणि हात. बोलताना, हसताना, शिंकताना, फोटोत, डावा हात तोंडावर. पदर असला तर पदर.

घरात याहून वाईट. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवायची असते, हिरड्यांना मोकळी हवा लागते. मी काढायची नाही. ह्यांनी बोळक्या तोंडाची बायको बघू नये म्हणून. न्हाणीघरात नळ सोडून, दार लावून, घाईने धुवायची आणि परत बसवून बाहेर यायची. टाळूला बुरशी येऊन लाल चट्टे पडले, दोनदा औषध घ्यावं लागलं, तरी नाही. माझं खरं तोंड पाहिलेला घरात एकच माणूस, माझा नातू. त्याच्यासाठी ती जादू होती. "आजी, दात काढ ना!" मी इकडे-तिकडे बघून काढायची आणि तो टाळ्या वाजवायचा.

२०२३ च्या दिवाळीनंतर लेकीने जळगावला नेलं. दवाखाना पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ज्यांचे सगळे दात गेलेत त्यांचे गुडघे काय नवे असतात का? पण डॉक्टर मॅडम भल्या. त्यांनी जबड्याचा थ्रीडी स्कॅन काढला, हाड दाखवलं, आणि पहिलं काय सांगितलं तर परत जा. रक्तातली तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ८.४ होती. साडेसातच्या खाली आणा, मिसरी पूर्ण बंद करा, मग बोलू. पैसे द्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवणारा माणूस मला आवडतो. एक तारा तिथेच दिला.

साखर उतरल्यावर गेले तेव्हा त्यांनी सगळं समजावलं. टायटॅनियमचा स्क्रू हाडात बसवतात आणि हाड त्याला स्वतःचा समजून घट्ट धरतं. हे कसं कळलं? स्वीडनचे ब्रानेमार्क नावाचे डॉक्टर १९५० च्या दशकात सशाच्या हाडात टायटॅनियमची नळी बसवून रक्तप्रवाह बघत होते. काम झाल्यावर नळी काढायला गेले तर निघेचना, हाड तिला चिकटून बसलं होतं. १९६५ मध्ये पहिल्या माणसाला असे दात बसवले. मॅडम 'सशाच्या' म्हणाल्या आणि मी हसायला लागले. त्यांना कळेना. मी म्हटलं, माझं आणि सशाचं जुनं भांडण आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये काम झालं. खाली चार इम्प्लांट, मागचे दोन तिरके, आणि तिसऱ्या दिवशी त्यांवर तात्पुरते, पण न निघणारे दात. वरचं हाड पातळ होतं. तिथे सहा इम्प्लांट घालून हिरडी शिवून टाकली. ते हाडात मुरेपर्यंत पाच महिने वर जुनीच कवळी, आतून मऊ अस्तर लावून. म्हणजे खाली घरमालक आणि वर भाडेकरू.

वरची कवळी पहिले आठ दिवस घालायची नव्हती. हे मला ऑपरेशनच्या दिवशी कळलं. माझं पहिलं भांडण इथे आहे. फॉर्मवर बारीक अक्षरात लिहिलं असेल, पण तोंडाने कुणी सांगितलं नाही. दवाखान्याला ती आठ दिवसांची किरकोळ बाब असेल. माझी तेरा वर्षं त्याच एका गोष्टीवर उभी होती.

घरी आले तेव्हा गाल सुजलेले, ओठ आत गेलेला, स्कार्फ गुंडाळलेला. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले. हे ज्वारीची आंबील घेऊन आले आणि खाटेवर बसून राहिले. मी वळेना. बऱ्याच वेळाने म्हणाले, "तेरा वर्षं न्हाणीत नळ सोडून काय करायचीस, मला कळत नव्हतं होय? चार दिवसांनी पाणी येतं आपल्याकडे. टाकी कोण भरायचं?"

मी वळले. दुसरं काय करणार.

मग एकेक गोष्ट उलगडत गेली. जेवताना भाकरीचा कडक काठ हे मोडून स्वतःच्या ताटात घ्यायचे आणि मधला मऊ भाग माझ्याकडे सरकवायचे. मला वाटायचं ह्यांना काठच आवडतो. लग्नाकार्यात मी पापड सोडला की उचलून खायचे, मी त्याला हावरटपणा म्हणायचे. मला बरं वाटायला हवं होतं, पण खरं सांगते, राग आला. माहीत होतं तर बोलला का नाहीत? तेरा वर्षं माझ्या हिरड्या जाळून घेतल्या मी! दोन दिवस आम्ही धड बोललो नाही. हा खर्च कुठल्या कोटेशनमध्ये नसतो.

मधले पाच महिने सर्वांत वाईट. स्वप्नात दात पडायचे, हाताच्या ओंजळीत मावायचे नाहीत. मुदत ठेव मोडली होती, त्याचं ओझं वेगळं. खालचे १,९०,००० आणि वरचे २,६०,०००. मेडिक्लेमवाल्यांनी दातांना लागू नाही म्हणून हात वर केले. त्यात शेवटी दवाखान्याने तात्पुरते दात आणि मधले काही सुटे भाग यांचे १८,००० वेगळे लावले. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या रिसेप्शनवर बोला, रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली मॅडमना विचारा. एक तारा तिथे गेला. तुम्ही जाल तेव्हा स्कॅन, तात्पुरते दात, शेवटचे दात, पहिल्या वर्षाच्या तपासण्या, सगळं धरून एकच आकडा कागदावर लिहून घ्या.

जुलैत वरचे पक्के दात बसले. आरसा दाखवला तेव्हा बरे दिसले, एवढंच. रडू आलं नाही, आनंदही विशेष नाही. वाटलं, एवढ्यासाठी? परतताना गाडी धरणगावला थांबली, ह्यांनी खिडकीतून दोन चहा घेतले. मी घोट घेतला आणि टाळूला चटका बसला.

कवळी न वापरलेल्यांना हे कळायचं नाही. वरच्या कवळीचं गुलाबी प्लॅस्टिक अख्ख्या टाळूवर छतासारखं असतं. चहा गरम आहे हे ओठांना कळतं, जिभेला कळतं, टाळूला पत्ता नसतो. पक्क्या दातांना ते छत नसतं. तेरा वर्षांनी त्या जागेला काहीतरी लागलं. भाजलं, आलं लागलं, घसा ओला होताना कळला. मी जीभ वर लावून बघितली तर तिथे मी होते, मऊ, खरखरीत वळ्या असलेली. मग जे रडू फुटलं ते थांबेना. सरळ अमळनेरपर्यंत रडले. समोरच्या बाईला वाटलं तोंड पोळलं, तिने पाण्याची बाटली पुढे केली.

दोन गोष्टी कुणी सांगत नाही. या दातांना खऱ्या दातासारखी जाण नसते, मुळाभोवती जे मऊ आवरण असतं ते इथे नाही. भाकरीत खडा आला तर दाताला कळत नाही, कानाला कळतं. आणि 'स' लगेच सुधारत नाही. पहिले तीन आठवडे उलट शिट्टी वाजत होती. मी न्हाणीत (नळ बंद ठेवून) ससा, सरस, सासू, सोसायटी म्हणत बसायची. आता साफ येतो.

साफसफाई कवळीपेक्षा जास्त आहे. रात्री दहा मिनिटं, पाण्याच्या बारीक धारेचं मशीन आणि दातांखालून फिरवायचा छोटा ब्रश. आळस केला तर इम्प्लांटभोवतीची हिरडी पिकते आणि हाड जातं. एवढं केलेलं सगळं मातीत. सहा महिन्यांनी तपासणी. पहिल्या मजल्यावर.

हात मात्र उतरेना. दात पक्के, कवळी डबीत, आणि हसू आलं की डावा हात तोंडावर. ऑगस्टात कानबाईचे, आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणाचे, रोट होते, सगळी भाऊबंदकी जमलेली. मी रोटाचा तुकडा दातांनी तोडला, तेरा वर्षांत पहिल्यांदा, आणि तोडताना हाताने झाकूनच. चुलत जाऊबाईंनी मनगट धरून हात खाली ओढला. "काय वं माय, आते काय दपाडी राहिनी? तू ते जवान दिखी राहिनी!" सगळ्या हसल्या. मी हसले आणि दुसरा हात वर गेला.

नातू तर नाराजच आहे. दात काढ म्हणाला, म्हटलं आता निघत नाहीत. त्याने नीट विचार केला आणि विचारलं, "मग बिघडले का?" त्याच्यासाठी जुनी कवळी ठेवलीय. टाकायची म्हणून दोनदा काढली होती, पण डबी उघडली की टाकवत नाही. मध्यरात्री जाग आली की अजून माझा हात उशाशी ती डबी चाचपतो. तेरा वर्षं जिला शिव्या दिल्या तिची आठवण यावी, याला काय म्हणायचं?

कुणी करावं? हाड असेल, साखर ताब्यात असेल, तंबाखू-मिसरी सुटली असेल आणि रोज दहा मिनिटं द्यायची तयारी असेल तर जरूर. एवढे पैसे नसतील तर खालच्या जबड्यात दोनच इम्प्लांट घालून त्यांवर बटणासारखी बसणारी कवळीही मिळते. ती काढता येते, पण उडत नाही. माझ्या जाऊबाई तीच करताहेत. मॅडमना पाच तारे, रिसेप्शनला दोन, जिन्याला शून्य. मिळून चार धरा.

थंडीत भरिताची वांगी आली. कपाशीच्या काड्यांवर भाजली, लाकडी बडगीत कुटली, शेंगदाणे अख्खे टाकले, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. मी भाकरीचा काठ मोडून माझ्याकडे घेतला आणि मधला भाग ह्यांच्याकडे सरकवला. मला वाटलं चिडवलं. त्यांनी गुपचूप घेतला. मग बघितलं तर शेंगदाणे बाजूला काढून ठेवत होते. डावीकडची खालची दाढ दोन महिन्यांपासून हलतेय म्हणे. जळगावची वेळ घेतली आहे. म्हणतात, भरीत संपू दे, मग बघू.